हौसरावांचे गुडघे आणि परदेशी शेगडी

पाटसच्या साखर कारखान्यात बॉयलरवर उभी हयात काढलेल्या माणसाला आग म्हणजे काय हे शिकवायला जाऊ नये. हौसरावांना तर मुळीच नाही. निवृत्त होऊन घरी बसले तरी त्यांच्या अंगातला बॉयलर काही विझला नव्हता. सरूबाईंनी कुकर लावला की हे स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून हजर.

"प्रेशर वाढतंय गं," ते गंभीरपणे जाहीर करायचे.

"वाढू द्या. डाळच शिजवायचीय, साखर न्हाई काढायची," असं म्हणून सरूबाई त्यांना अंगणात पिटाळायच्या. मग ते अंगणातल्या पाणी तापवायच्या बंबातली राख उकरत बसायचे. बंबाला तोंड असतं तर त्यानं कारखान्याच्या युनियनकडे तक्रार केली असती.

पण हौसरावांचं खरं राज्य थंडीत सुरू व्हायचं. सगळा ऊस असलेल्या रानात त्यांनी बांधाकडेला ज्वारीचा एक पट्टा दरवर्षी राखलेला, तो केवळ हुरड्यासाठी. ज्वारी दुधात भरली की केंदूरहून लेकीच्या सासरची मंडळी, भावकी, कारखान्यातले जुने सोबती असे सगळे जमायचे. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात शेणाच्या गोवऱ्यांचा विस्तव, ही झाली आगटी. विस्तवात कोवळी कणसं खुपसायची, नुसत्या वासावरून ओळखून बाहेर ओढायची आणि चटके सोशीत तळहातावर चोळून हिरवेगार दाणे समोरच्याच्या हातावर ओतायचे. हे सगळं आगटीशेजारी उकिडवं बसून. आगटीपाशी बसलेल्याचा तिथं शब्द चालतो. बाकीचे गोल करून हात पसरून बसलेले. आमदार आला तरी त्यानं हातच पसरायचा आणि "आता दम धरा" म्हटलं की दम धरायचा. हौसरावांना कारखान्यानं निवृत्तीच्या वेळी शाल दिली होती, ती कुठं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आगटीपाशी बसायचं गोणपाट मात्र ते स्वतः घडी घालून माळ्यावर ठेवायचे.

आणि गेल्या साली त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. हुरडा ऐन रंगात आला असताना उठायला गेले ते उठलेच नाहीत. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उसाच्या मोळीसारखं उचललं आणि लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत ठेवलं. रिकाम्या गोणपाटावर लगेच येऊन बसला तो त्यांचा चुलतभाऊ साहेबराव.

हा साहेबराव पूर्वी सोसायटीचा चेअरमन होता. चेअरमनपद गेलं, पण भाषण काही गेलं नव्हतं. कणीस विस्तवात घालून तो सहकारावर बोलायला लागला की कणसाचा कोळसा झाल्याशिवाय त्याचा मुद्दा पुरा होत नसे. त्या दिवशी सगळ्यांनी काळे दाणे मुकाट्यानं चावले. जाताना साहेबराव म्हणाला, "आप्पा, आता तुम्ही निवांत खुर्चीत बसायचं. पुढच्या साली पण मीच बघतो."

ते "मीच बघतो" हौसरावांच्या गुडघ्यांपेक्षा जास्त ठणकत राहिलं. दौंडच्या डॉक्टरांनी मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही असं बजावलेलं. यंदा आगटी हातची गेली तर कायमची गेली, हे त्यांना पक्कं माहीत होतं. खुर्ची एकदा चिकटली की सुटत नाही. अर्थात हे राजकारणातल्या खुर्चीबद्दल म्हणतात, पण प्लॅस्टिकच्या खुर्चीचा गुण काही वेगळा नाही.

दिवाळीत त्यांचा मुलगा सत्यजीत शिरूरहून आला, तो पिकअपमध्ये एक अवजड वस्तू घालून. त्याच्या शेजारच्या बंगल्यात भाड्यानं राहणारा परदेशी इंजिनिअर आपल्या देशी परत गेला आणि ही वस्तू मागच्या अंगणात टाकून गेला. घरमालक ती भंगारात काढत होता. कमरेएवढ्या उंचीचा सांगाडा, त्यावर झाकणाची लोखंडी पेटी, दोन्ही बाजूंना फळ्या, आणि दोन चाकांपैकी एक गायब. पेटीच्या आत गंजकी जाळी आणि खाली गॅसच्या नळ्या.

"आप्पा, बार्बेक्यू म्हणतात याला," सत्यजीत म्हणाला. "गॅसवर भाजायचं सगळं. लोकं पार्टीला वापरतात."

"ते लोक बसतात कुठं भाजताना?"

"बसत न्हाईत. उभ्यानंच भाजतात."

हौसरावांनी गुडघ्यांकडे पाहिलं. मग शेगडीकडे पाहिलं. चहा गार झाला तरी ते शेगडीकडेच पाहत होते.

सरूबाईंनी मात्र जाळीवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि पदर नाकाला लावला. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात मटण शिजायचं तेसुद्धा गोठ्यापलीकडे, तीन दगडांवर, वेगळ्या पातेल्यात. ते पातेलं घराचा उंबरा चुकूनही ओलांडत नसे.

"ह्यावर काय काय भाजलंय त्या साहेबानं?"

"कोंबडी गं. आन् वांगी," हौसरावांनी ठोकून दिलं.

"वांग्याला एवढी चरबी कवापासून सुटायला लागली? गोठ्याच्या अलीकडं आणू नका, सांगून ठेवते."

झालं. गोठ्यापलीकडे हौसरावांचं वर्कशॉप उघडलं. कारखान्यात हंगाम संपला की उसाच्या रसानं किटलेली भांडी कॉस्टिक सोडा घालून उकळतात. त्याच न्यायानं त्यांनी घमेल्यात जाळी उकळली. वर्षानुवर्षांची चरबी काळ्या साबणासारखी तरंगून आली आणि कुत्रं तीन शेतं लांब पळालं. गंज पॉलिश पेपरनं घासला, कुजलेली पत्र्याची पट्टी वेल्डरकडून बदलून घेतली. हरवलेल्या चाकाच्या जागी नातवाच्या मोडक्या सायकलचं चाक बसवलं. ते दुसऱ्यापेक्षा जरा मोठं निघालं, त्यामुळे शेगडी कायम शंका विचारल्यासारखी मान तिरकी करून उभी राहायची. झाकणावर काटा असलेलं एक घड्याळ होतं. त्यावर उष्णता मोजायची असते, पण हौसराव त्याला प्रेशर गेजच म्हणत.

गॅसची नवी नळी आणि रेग्युलेटर आला. घरातली जादा टाकी सरूबाईंची नजर चुकवून गोठ्यापलीकडे पोहोचली. चाचणीचा दिवस ठरला.

इथं बॉयलरवाल्यानं बॉयलरवाल्यासारखीच चूक केली. भट्टी पेटवताना दार उघडं ठेवायचं नाही, ही त्यांच्या हाडीमाशी खिळलेली शिस्त. त्यांनी झाकण गच्च लावलं, कॉक सोडला आणि बाजूच्या भोकातून पेटती काडी आत घातली. काडी विझली. दुसरी काढली, तीही विझली. कॉक चालूच. पेटी आतल्या आत गॅसनं भरत गेली.

तिसरी काडी नाही विझली.

धडाड् आवाज झाला. झाकण ताडकन उघडलं, गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं आणि सरूबाई हातात लाटणं घेऊन धावत आल्या. हौसराव जागच्या जागी उभे होते. धडधाकट होते. फक्त डाव्या बाजूची मिशी आणि दोन्ही भुवया त्यांना सोडून गेल्या होत्या. सरूबाईंनी आधी कॉक बंद केला, मग नवऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सगळं जागेवर आहे अशी खात्री पटल्यावर तोंड सोडलं.

"चाळीस वर्षं कारखाना उडवला न्हाई, आन् आता घर उडवायला निघालाय व्हय?"

उरलेली मिशी त्यांनी त्याच दिवशी उतरवली. आणि नेमका दुसऱ्या दिवशी साहेबराव आला.

"आप्पा, मिशी कुठाय?"

"सर्व्हिशिंगला दिलीय," हौसराव म्हणाले.

"कशाला त्रास घेता? मी हाय ना! आगटीचा खड्डा आत्ताच बघून ठेवलाय." आणि जाता जाता त्यानं लाल खुर्चीवरची धूळ गमछ्यानं झटकली. मुद्दाम झटकली.

हौसरावांनी चडफडत बर्नरच्या नळ्या खोलल्या. आत सायकलचा स्पोक घातला तर तो मधेच अडला. टोकरत टोकरत बाहेर आली ती माती. कुंभारमाशीनं बंगल्याच्या अंगणात, त्या परदेशी साहेबाच्या नाकाखाली, नळीत ऐसपैस घर बांधलं होतं. त्यामुळे गॅस बर्नरपर्यंत न जाता मागच्या मागं पेटीत सांडत होता. त्यांनी नळ्या धुतल्या, बर्नरचं एकेक भोक सुईनं मोकळं केलं. या खेपेला झाकण उघडं ठेवून, आधी काडी आणि मग कॉक, असं पेटवलं. निळ्या ज्योतींची रांग सरळ उभी राहिली. हौसराव इतके खूश झाले, की त्यांचा हात सवयीनं मिशीकडे गेला आणि रिकामा परत आला.

हुरड्याच्या दिवशी पाहुणे रानात उतरले, तेव्हा साहेबराव गोणपाटावर केव्हाच विराजमान झाला होता. त्याच्यापासून थोड्या अंतरावर तिरक्या मानेची, काळी रंगवलेली शेगडी आणि तिच्यामागं ताठ उभे हौसराव. लाल खुर्ची मधोमध कुणीतरी मांडून ठेवलेली.

हौसरावांनी गॅस पेटवला, जाळीवर कणसं मांडली. ज्योत सुरेख लागली. पण कणसं वरून करपली आणि आतून कच्ची राहिली. त्यांनी दाणे चोळून आधी केंदूरच्या व्याह्यांच्या हातावर ओतले. व्याही फार सभ्य माणूस. बराच वेळ चावले.

"चांगलाय," ते म्हणाले. "जरा... स्वच्छ लागतोय."

हुरड्याला कुणी स्वच्छ म्हटलं की समजावं, संपलं. ना धुराचा वास, ना राखेची खमंग चव. नातवंडं तर सरळ "कुकरमधल्यासारखं लागतंय" म्हणून मोकळी झाली. तिकडून साहेबरावानं हाळी दिली, "आप्पा, दमला असाल. बसा आता खुर्चीत!"

हौसरावांनी कॉक बंद केला. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि शेगडीच्या फळीवरून हात काढला. एक पाऊलही टाकलं.

तेवढ्यात सरूबाई आल्या. डोक्यावर गोवऱ्यांचं घमेलं.

"कुठं निघालात? सरका तिकडं." त्यांनी गोवऱ्या मोडून जाळीवर रचायला सुरुवात केली.

"अगं, ती शेगडी... तू तर शिवत नव्हतीस."

"विस्तव पडला की कसला आलाय विटाळ? आगीनं समदं शुद्ध होतं." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आन् त्या भाषणवाल्याच्या हातचा कोळसा यंदा मी खाणार न्हाई. लावा तुमचा गॅस. आधी काडी, मग कॉक."

गोवऱ्या एरवी पेटायला डोळ्यांतून पाणी काढतात. खालून गॅसची ज्योत लागल्यावर त्यांनी बघता बघता पेट घेतला. हौसरावांनी गॅस तोडला, झाकण जरासं ओढून धग दाबली आणि विस्तव लालबुंद झाला. कमरेएवढ्या उंचीवर आगटी तयार. त्यांनी उभ्या उभ्या कणसं खुपसली, नाक पुढं केलं, डोळे मिटले.

"आता दम धरा," ते म्हणाले.

आणि सगळ्यांनी दम धरला.

दाणे व्याह्यांच्या तळहातावर पडले. चावता चावताच त्यांनी दुसरा हात पुढं केला. मग एकेक जण साहेबरावाच्या आगटीपासून उठून शेगडीभोवती गोळा झाला. सहकाराचा मुद्दा ऐकायला तिकडं फक्त बांधावर चरायला बांधलेली म्हैस उरली. बऱ्याच वेळानं साहेबरावालाही वास असह्य झाला. तो उठायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. एक हात जमिनीवर, एक हात गुडघ्यावर.

"आयाया... आप्पा, जरा हात द्या की कुणी!"

सत्यजीतनं आणि व्याह्यांनी त्याला काखेतून उचललं. कुठं ठेवावं, असं त्यांनी हौसरावांकडे पाहिलं.

"खुर्ची हाय की रिकामी," हौसराव म्हणाले आणि त्यांनी सगळ्यात मऊ भाजलेलं कणीस निवडून, चोळून, साहेबरावाच्या हातावर ओतलं. साहेबरावानं ते खाल्लं. भाषण केलं नाही.

दुसऱ्या दिवशी गोठ्यापलीकडे शेगडी पुन्हा सुटी होऊन पडलेली. गोवऱ्यांची राख जाळीतून खाली सांडून बर्नरच्या भोकाभोकात शिरली होती. हौसराव गुडघे पसरून बाजेवर बसले होते, हातात सुई आणि चेहऱ्यावर अपार समाधान.

"परत बिघडली का?" सरूबाईंनी चहा ठेवत विचारलं.

"बिघडली न्हाई. हंगाम संपला, आता ओव्हरहॉलिंग. पुढच्या सालापर्यंत काम पुरंल."

"आन् मिशी?"

"ती बी येईल की," हौसराव म्हणाले, "पुढच्या हंगामाला."