गळ्याची गाठ आणि पैठणची गाडी

मी एसटीत कंडक्टर. संभाजीनगर–पैठण मार्गावर पंधरा वर्षं काढली, ती तिकिटाच्या मशीनच्या जोरावर नाही, गळ्याच्या जोरावर. स्टँडवर उभी राहून "कांचनवाडी, चितेगाव, बिडकीन, पैठण!" असा एकदा पुकारा केला की पार टोकाच्या फलाटावरचा माणूस पिशव्या गोळा करायला लागायचा. दारात लोंबकळणारी कॉलेजची पोरं माझ्या एका हाकेत आत सरकायची. उगाच कशाला लाजू, मला त्या आवाजाचा माज होता.

म्हणून गळ्याला गाठ आली तेव्हा गाठीची एवढी भीती वाटली नाही. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढलं आणि म्हणाल्या, "ही थायरॉईडची गाठ काढावी लागेल. तिच्या मागूनच आवाजाची नस जाते. आम्ही जपूच, पण आवाज बसू शकतो. क्वचित कायमचा." भीती वाटली ती त्या शेवटच्या शब्दाची. आवाज गेलेल्या कंडक्टरला डेपोत कागद लावायला बसवतात. मी आणि कागद!

शेजारी आमचे हे बसले होते. चितेगावच्या एका कंपनीत फिटर. माणूस सोन्यासारखा, पण मुखदुर्बळ. पुंडलिकनगरच्या बाजारात किडकी वांगी गळ्यात मारली तरी मुकाट घेऊन येणार. माझी आई म्हणायचीच, बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही. घरी येताना रिक्षात ते म्हणाले, "आवाज गेला तर तुझ्या वतीनं मी बोलीन."

"तुम्ही?" मी एवढंच म्हणाले, आणि दोघंही हसलो. मग मी रडले. ते माझा हात धरून बसले, रिक्षा दारात थांबेपर्यंत तो सोडला नाही.

त्यांनी आठ दिवसांची रजा टाकली. सगळे रिपोर्ट तारीखवार लावले, मला काय चालतं काय नाही ते वहीत उतरवलं, ऑपरेशनच्या दिवशी पहाटेपासून मला पाणी पिऊ दिलं नाही आणि मी तहानेनं वैतागले म्हणून स्वतःही प्यायले नाहीत. आत नेताना स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत चालत आले.

डोळे उघडले तेव्हा गळ्याला पट्टी, जिभेला कोरड आणि वर डॉक्टरबाईंचा चेहरा. नर्स म्हणाली, "मावशी, आवाज तपासायचाय. मिस्टरांचं नाव सांगा बरं, मोठ्यानं."

आता झाली का पंचाईत! आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं सासूनं लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. रोज शेकडो माणसांशी भांडणारी मी, त्यावर हसायचेही. पण जीभ काही वळायची नाही. कुठं लागलंच तर लिहून द्यायचे. त्या गुंगीत मी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली.

नर्सनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा मान हलवली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं, आणि डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. दुसरं काही बोलायला मला कुणी अडवलं होतं? पण खरं सांगते, संकोच अर्धाच होता. तोंड उघडलं आणि आवाज निघालाच नाही तर, ही भीती उरलेली अर्धी.

यांना आत बोलावलं. डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पेशंट बोलत नाहीयेत. तुमचं नाव विचारलं तर..."

आणि आमचे हे, वांगेवाल्यासमोर गप्प बसणारे, खोलीभर ऐकू जाईल असे बोलले. "मॅडम, माझं नाव नका इचारू तिला. बावीस वर्षांत नाय घेतलं. मरंल, पण घ्यायची नाय. जरा थांबा, मी बघतो."

ते खाटेशी आले. डोक्यावर दवाखान्यानं घालायला लावलेली हिरवी टोपी, डोळे लाल. वाकून म्हणाले, "ऐक. सोमवारपासून म्या कंपनीत तुझ्याच गाडीनं जाणार. बिगरतिकिटाचा. बायकोची गाडी हाय, कोण इचारतंय?"

माझ्या डोक्यात सणक गेली.

"उतर!" मी म्हणाले. "आधी खाली उतर! घरचा असो नायतर दारचा, तिकीट काढल्याबिगर माझ्या गाडीत पाय ठेवायचा नाय!"

आवाज घोगरा होता, मध्येच चिरकला, पण माझा होता. पलीकडच्या खाटेवरच्या आजी दचकून जाग्या झाल्या. नर्स खुदकन हसली. डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली आणि बसूनच घेतलं. चार माणसांत मी नवऱ्याला अरेतुरे केलं होतं, लग्नानंतर पहिल्यांदा. जीभ चावायला हवी होती. मला तर नाचावंसं वाटत होतं.

"उतरतो बाई, उतरतो," ते हात जोडून म्हणाले. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "फकस्त अजून एक डाव वरड."

"आता एक शब्द नाही," डॉक्टरबाई दटावत होत्या. मी ओरडले.