रघुवीररावांचं मत

वैभवी, रघुवीरराव साउथहॅम्प्टन सोडून केंब्रिजला मुलीकडे चाललेत, तेव्हा मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्यांच्यावर लिहा, असं तू मला सांगितलंस. वर म्हणालीस, "तेवढं इलेक्शनचं नको हं काका, त्यांना एम्बॅरस होईल."

तर रघुवीर टिपणीस, वय एकाहत्तर. चौतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावली, ती सवय अंगात मुरली. घरच्या लिंबाच्या लोणच्यावरही तारीख आणि सही! मंडळाच्या हॉलची किल्ली सोळा वर्षं त्यांच्याकडे होती. कार्यक्रम अकराचा असला की हे दहाला हजर, हीटिंग लावून एकटेच खुर्च्या मांडणार. आम्ही बाराला उगवायचो आणि चहा गार झाला म्हणून कुरकुरायचो.

आता ते इलेक्शन. इंग्लंडभरच्या मराठी मंडळांच्या महासंघाचा अध्यक्ष आपण सभासद थेट निवडत नाही. प्रत्येक गाव आधी हात वर करून ठरवतं, मग त्या गावचे प्रतिनिधी हॅरोला जाऊन ठरल्याप्रमाणे मत देतात. उमेदवार दोन, परीक्षित आणि लीलावतीबाई. आपल्या सभेत रघुवीरराव उभे राहून परीक्षितच्या बाजूने तावातावाने बोलले. गावाने मात्र लीलावतीबाईंना पसंती दिली. "ठीक आहे, गावाचा शब्द तो माझा शब्द," म्हणून ते खाली बसले. आपल्या गावचे प्रतिनिधी दोन, एक ते आणि दुसरा मी. मीही शब्द दिला, तोंडभर हसून.

हॅरोला पडद्यामागे गेलो. हातात चिठ्ठी, आणि डोक्यात काय, तर मागच्या गणपतीतलं माझं नाट्यगीत! लीलावतीबाईंनी दुसऱ्याच ओळीला माइक बंद करवला होता, "मोहन, वेळ संपला" म्हणून. साठीचा घोडा मी, आणि तेवढ्यासाठी परीक्षितच्या नावापुढे खूण केली. लिहितानाही लाज वाटते.

एकवीस मतं होती. लीलावतीबाईंना अकरा ठरलेली, पडली दहा. एका मताने हरल्या. परतताना गाडीत रघुवीरराव म्हणाले, "कुणीतरी शब्द फिरवला रे. आपल्या दोघांचं तरी चोख आहे." मी पाऊस नसताना वायपर चालू केला.

पुढच्या सभेत सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडेच. परीक्षितची बाजू त्यांनीच घेतली होती ना! कुणी स्पष्ट बोललं, कुणी नुसतं खाकरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. ते माझ्याकडे वळले. "मोहन माझ्याबरोबर होता. मोहन, तू सांग यांना."

मी म्हणालो, "मतदान गुप्त होतं. मी कसं सांगणार?"

मत फिरवलं तो क्षुद्रपणा होता, पण हे त्याहून वाईट होतं. रघुवीररावांनी खिशातून हॉलची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि कोट घालून निघून गेले. त्यानंतर ते एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. किल्ली सर्वानुमते माझ्याकडे दिली गेली. विश्वासू माणूस हवा, असं लोक सभेत म्हणाले!

परवा त्यांचा फोन आला. "तू लिहितोयस म्हणे. बरं झालं. त्या दिवशी तू नियमाने बोललास, मला राग नाही. पण मी कसा आहे हे तुला ठाऊक आहे, तेवढं लिही."

त्यानंतर दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि बेल न वाजवता परत फिरलो. तोंडाने सांगायची हिंमत नाही, म्हणून कागदावर लिहितोय. वैभवी, यातलं एक अक्षरही गाळू नकोस. अंक निघेल त्याच दिवशी त्यांचा निरोपसमारंभ आहे. ते सवयीने दहालाच येतील, आणि दार मलाच उघडावं लागेल.