दूध सोसायटीचं नाक

वडवणीच्या दूध सोसायटीत दूध तपासणारे गृहस्थ खराब दूध नुसतं हुंगून परत पाठवतात आणि प्रत्येक कॅननंतर गमछ्याला हात पुसतात. दारूला मात्र कधी शिवलेले नाहीत.

दुष्काळात माझ्या छोट्या बिअर कारखान्याला एकच टँकर मिळाला, त्यात माझं नाक सर्दीनं बंद. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या वाळक्या फुलांच्या दोन पुड्या, दोन व्यापाऱ्यांच्या, मी त्यांच्यापुढे ठेवल्या.

पहिलीतली फुलं त्यांनी उजव्या हातात चोळून हुंगली. "खवट हाय. जुन्या लोन्यावानी वास मारतोय. टँकर वाया घालवू नका." लगेच हात पुसला.

दुसरी चोळली. डोळे मिटले.

"हीपण गेली का?" मी विचारलं.

तेवढ्यात पुढचा कॅन आला. त्याचं झाकण त्यांनी डाव्या हातानं काढलं. उजवा अजून नाकाशीच होता.

माझा जीव भांड्यात पडला.