सासऱ्यांना माती दाखवायला नेलं तेव्हा

सासूबाई गेल्यावर बायकोने सासऱ्यांना कोकणातून आमच्या दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या फ्लॅटवर आणलं. कायमचं, असं तिचं म्हणणं. सासऱ्यांचं म्हणणं, "जिथे माती नाही तिथे माणूस राहतो कसा?" त्यांनी बाल्कनीत अळू लावून पाहिलं. विकतच्या मातीत आठवडाभर अपमान सोसून अळूने मान टाकली.

मग या घरातला एकमेव तज्ज्ञ, म्हणजे मी, पुढे सरसावलो. जानेवारीतल्या एका शनिवारी सगळ्यांना गाडीत कोंबून डोंगरातल्या मसाफी गावाच्या रस्त्याला लागलो. आधी वाळू. मग आणखी वाळू, तोंडी लावायला दोन उंट. मी गाइडच्या थाटात प्रत्येक टेकडीची ओळख करून देत होतो.

"डॅडी, इट्स द सेम सँड," मुलगी म्हणाली.

"जावईबापू, पेट्रोल फुकट मिळतं वाटतं इथे," सासरे म्हणाले.

अखेर डोंगर आले, रस्ता खोऱ्यात उतरला आणि खजुराच्या बागा सुरू झाल्या. "यल्ला, चला!" मी ओरडलो. एका बागेच्या फाटकातल्या पठाण राखणदाराने हसून आत घेतलं. सासरे उकिडवे बसले. ढेकूळ फोडलं, हुंगलं.

"माती आहे," ते म्हणाले.

मी खटला जिंकलेल्या वकिलासारखं बायकोकडे पाहिलं. तिने चक्क माझा हात दाबला. तेवढ्यात सासऱ्यांनी वर बघितलं. खजुरांच्या मधोमध आंब्याचं झाड उभं होतं. नखशिखांत मोहोरलेलं.

"तुडतुडा पडता है क्या?" त्यांनी राखणदाराला विचारलं. तो गोंधळला, तेव्हा तळहातावर बोट नाचवून कीड उडवून दाखवली. मग दोघे पानं उलटी करून बघत बसले. फाटकाकडे येताना सासरे म्हणाले, "आपल्याकडेही मोहोर आला असेल. फवारणी कोण करतंय?"

"शेजारी आहेत ना, अण्णा," बायको म्हणाली.

"शेजारी त्यांची कलमं बघतील. माझं तिकीट काढा."

बायको माझ्याकडे वळली. "अख्ख्या वाळवंटात तुला आंब्याचंच झाड सापडलं?"

कोकणातल्या बागायतदाराला ऐन मोहोरात आंबा दाखवणारा जावई मीच. परतताना बायको मागे वडिलांजवळ बसली. कुठल्या कलमाला आधी मोहोर येतो, ते तिने त्यांना विचारलं, आणि दुबई येईपर्यंत ते सांगत राहिले. तिकीट मीच काढलं.