दसऱ्याच्या पाटावर काय ठेवायचं

माझ्या लाडक्यांनो, उद्या सकाळी शाळेची गाडी पुस्तकं न्यायला येणार आहे. पुढच्या सुट्टीत तुम्ही दारव्ह्याला याल तेव्हा पुढच्या खोलीतली दोन्ही कपाटं रिकामी दिसतील आणि तुम्ही विचाराल, आजी, पुस्तकं कुठे गेली? समोर बसून सांगायचं झालं तर मी हसून विषय बदलेन, हे मला माहीत आहे. म्हणून आजच जाड पेनानं, मोठ्या अक्षरात लिहून ठेवते. ओळी तिरक्या गेल्या तर चालवून घ्या.

माझ्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. कडेचं सगळं दिसतं, नेमकं मधलं पुसून जातं. अंगणातली तुळस दिसते, फाटक दिसतं, पण ज्या शब्दाकडे बघावं तोच नाहीसा होतो. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, आहे ते जपू, गेलेलं परत यायचं नाही. मी भिंग घेऊन पाहिलं. पुढचा शब्द सापडेपर्यंत मागचा विसरायला होई. मग तुमच्या आईनं तो ई-रीडर पाठवला. त्यात अक्षर हवं तेवढं मोठं होतं. पहिल्या दिवशी मी अशी वाचत बसले की दुपारचा चहा करायचा राहून गेला. इतक्या महिन्यांनी वाक्य पुरं करता आलं होतं. त्या दिवशी मला रडू आलं, हेही लिहून ठेवते.

संध्याकाळी तुमच्या आईचा फोन आला.

"आई, निम्मं झालं की गं! आवडलं ना?"

"तुला कसं कळलं?"

"अगं, माझ्याच खात्यावर आहे ना ते. मी इकडे पुस्तक उघडलं की ते विचारतं, आई जिथवर पोचली तिथे जायचं का?"

ती कौतुकानं बोलत होती. मीही हसले. पण दुसऱ्या आठवड्यात तिनं विचारलं, "अजून त्याच पानावर आहेस. बरं वाटत नाही का?" त्यानंतर एकदा, "आई, तू आणि खुनाच्या गोष्टी!" मला जे वाचायचं असेल ते तिला सांगायचं, तिनं विकत घ्यायचं, मग ते माझ्याकडे उमटायचं. इंग्रजी पुस्तकं हवी ती मिळतात, माझ्या कपाटातली मराठी मात्र फार थोडी. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की पान उलटण्याआधी मी विचार करते आहे, हे तिला दिसेल का?

तुम्हाला यात गंमत वाटेल. तुम्ही काय खाल्लंत, कुठे गेलात, हे सगळ्यांना दिसतं आणि तुमचं काही अडत नाही. पण कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाला तपकिरी कागदाचं कव्हर आहे आणि कव्हरावर नाव नाही, हे तुम्ही कधी पाहिलंत का? तुमच्या आईनं लहानपणी विचारलं तेव्हा मी म्हणाले, धूळ बसू नये म्हणून. ते खरं होतं, पण अर्धं. मी नागपूरला इंग्रजीतून शिकले, लग्न होऊन या घरात आले आणि इथल्या शाळेत शिकवू लागले. घरातली माणसं वाईट नव्हती, पण सून काय करते यावर प्रत्येकाची नजर असे. दुपारी मी तपकिरी कव्हराचं पुस्तक घेऊन बसले की सासूबाई पाहुण्यांना सांगत, "शाळेचं काम करते आहे." मी शाळेचं काम करत नसे. जाडी आणि कोपऱ्यांची झीज पाहून मला पुस्तक ओळखता येई, दुसऱ्या कुणाला नाही. माझी तेवढीच एक खोली होती म्हणा, भिंती नसलेली.

आता छापील पुस्तक मला वाचता येत नाही, आणि जे वाचता येतं त्याला कव्हर घालता येत नाही. दोन्हीकडून दार लागलं. मुख्याध्यापिका मागे लागल्या होत्या, बाई, पुस्तकं मुलांना द्या. दसऱ्यानंतर सांगते, एवढंच मी म्हणाले.

आपल्याकडे दसऱ्याला पाटावर पुस्तकं मांडून पूजा करतात. त्या दिवशी पूजेतलं पुस्तक उघडायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षता वाहून हलवायचं. यंदा मी नेहमीची पुस्तकं मांडली आणि ई-रीडर फ्रिजवर ठेवून दिला. तो पाटावर ठेवला असता तर तो पुस्तक झाला असता आणि मग कपाट अडवून ठेवायला मला कारण उरलं नसतं. शेजारची वहिनी झेंडूची फुलं घेऊन आली. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"काहून बाई, हे बाजूले कायले ठेवलं?"

"ते पुस्तक नाही गं. यंत्र आहे."

"मंग त आणखीच पाटावर पाहिजे! आमच्या घरी ट्रॅक्टरले हार घातला, फवारणीच्या पंपाले कुंकू लावलं. तुमचं यंत्र काय सोन्याचं हाय?"

"पूजेत ठेवलं की आज वाचता यायचं नाही."

"त एक दिवस नका वाचू. ट्रॅक्टर नाही का उभा राहून राह्यला?"

तिनं स्वतःच तो काढून पाटावर ठेवला. मला हसू आलं. मी ओल्या बोटानं त्याच्या काचेवर हळद लावली, कुंकू लावलं. तो चालूच होता आणि माझ्या बोटानं पानं पुढे पळत होती, हे मला कळलं नाही.

त्या दुपारी मी काहीच वाचलं नाही. खुर्चीत बसून राहिले. कुणी मोजत नव्हतं, म्हणून ती दुपार माझी वाटली.

दुसऱ्या दिवशी फोन. "आई, अख्खं पुस्तक संपवलंस? एका दिवसात?"

"मी नाही. कुंकवानं वाचलं."

मी सगळं सांगितलं तशी ती खूप हसली. मग तिनं विचारलं, "आई, मला दिसतं ते तुला खटकतं का गं?"

हो म्हणायचं ओठांवर आलं होतं. पण तिला तेवढंच दिसतं माझं. ती इतक्या लांब आहे. पान पुढे सरकलं की तिला कळतं, आई उठली, जेवली, ठीक आहे. मी म्हणाले, "नाही. पुढचं पाठव."

त्याच संध्याकाळी मी मुख्याध्यापिकांना होकार कळवला. आज शाळेला द्यायच्या सगळ्या पुस्तकांची कव्हरं काढली, कारण मुलांना नाव दिसायला हवं. कागद घडी करून ठेवले आहेत.

एक पुस्तक देणार नाही. ते माझ्या कपड्यांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात आहे, कव्हरासकट. ते मला वाचता येत नाही. दुपारी मी ते मांडीवर उघडून बसते, आणि कुठल्या पानावर आहे ते कुणाला कळत नाही.