न तपासलेली तूर

अक्कांच्या बियाण्यात भेसळ आहे, असं मी चावडीपुढं बसलेल्या माणसांना सांगितलं, तेव्हा ते बियाणं मी तपासलेलं नव्हतं. चूक एवढीच, पण दोन वर्षं ती मला कुणापुढं कबूल करता आली नाही.

गुलबर्ग्याजवळच्या एका संशोधन केंद्रात मी पिकांच्या रोगांवर काम करतो. त्या साली निंबर्ग्यापलीकडच्या एका गावात फुलोऱ्यातली तूर उभ्या उभ्या वाळली. खोड चिरलं की आत काळपट रेघ दिसायची. मर रोगाची बुरशी. पण वाण तर मर न येणारा, आमच्याच केंद्राचा. त्या गावच्या शेतकरी अक्कांनी तो पूर्वी कधी तरी नेला होता. दरवर्षी चांगली झाडं निवडून त्या बी राखून ठेवत आणि निम्मं गाव त्यांच्याकडून पेरणीला तूर नेई.

"साहेब, कामून वाळायलीय?" एकानं विचारलं.

आमचा वाण हरला, हे माझ्या तोंडून निघेना. म्हणालो, "घरचं बी ना? भेसळ आहे त्यात."

अक्का मागंच उभ्या होत्या. मी निघताना त्यांनी फडक्यात बांधलेली ओंजळभर तूर माझ्या हातात दिली. "तपासून तर बघा." मी ती कपाटात टाकली. पुढच्या पेरणीला त्यांच्या दारात कुणी बी मागायला गेलं नाही, हे कानावर आलं. तरी मी फडकं सोडलं नाही.

वाळलेल्या झाडांतली बुरशी मात्र आम्ही प्रयोगशाळेत वाढवली होती. तिचा सगळा जीनोम, म्हणजे सगळी जनुकं, वाचून घ्यायचा, असं माझ्या तरुण सहकारी बाईंनी ठरवलं. निकाल आला तेव्हा त्यांनी मला संगणकापाशी बोलावलं. पडद्यावर वर केंद्रातल्या जुन्या बुरशीची जनुकं, खाली या गावातल्या बुरशीची.

"मुळात शिरताना बुरशी काही प्रथिनं सोडते, सर. त्यातल्या एकावरून आपला वाण तिला ओळखतो आणि अडवतो, असा आपला अंदाज आहे. त्या प्रथिनाचं जनुक हे. आणि खाली बघा."

खाली त्या जागी काहीच नव्हतं. गावातल्या आणखी तीन रानांतली बुरशी वाचून घेतली, त्यातल्या एका रानात तर दुकानातलं पाकीटबंद बी पेरलेलं होतं. तिथंही ते जनुक गायब.

रोगांवर काम करणाऱ्यासाठी ही वाईट बातमी. मला मात्र छातीवरचा धोंडा हलल्यासारखं झालं. त्याच दिवशी फडकं सोडलं. केंद्रात जमिनीचा एक तुकडा मुद्दाम जुन्या बुरशीनं रोगट ठेवलेला असतो, त्यात अक्कांची तूर पेरली. शेजारचा, मर सहज येणारा नाजूक वाण फुलोऱ्यात वाळून गेला. अक्कांची तूर शेंगांनी वाकली. बी शुद्ध होतं. बदलली होती बुरशी.

मी अक्कांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. मर आलेल्या रानांत दोन-तीन वर्षं तुरीऐवजी ज्वारी घ्या म्हणजे बुरशी कमी होईल, बाहेरगावी जिथं ही बदललेली बुरशी नाही तिथं तुमचं बी अजून चालेल, हेही सांगितलं.

त्या शेंगा सोलत होत्या. "म्हंजे बुरशीला इचारून आलाव व्हय? मला इचारलं असतं तर लवकर झालं असतं."

"चुकलो, अक्का."

"मला कामून सांगायलाव? मला म्हाईतच हुतं. ज्यांच्यापुढं बोललाव, त्यांच्यापुढं सांगा की." त्यांनी सूप बाजूला सारलं आणि पायात चपला घातल्या.

चावडीपुढं सात-आठ जण होते. अक्का माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. वाटेत जुळवलेली वाक्यं आठवेनात, पण भीतीही उरली नव्हती.

"इथंच उभा राहून मी अक्कांच्या बियाण्यात भेसळ आहे म्हणालो होतो," मी म्हणालो. "ते न तपासता बोललो. आमचा वाण हरला हे सांगायची लाज वाटली, म्हणून बोललो. आता तपासलंय. बी शुद्ध आहे. अक्का, मला माफ करा."