फोन आला की येणारा माणूस

पंपांच्या कारखान्यात खर्चाचा हिशेब बघणाऱ्या या गृहस्थाला सगळे काटेकोर म्हणत, आणि त्याला ते आवडायचंही. माणूस वाईट नव्हता. फक्त कागदावर जे जुळलं ते जगातही जुळलंच, असं त्याला मनापासून वाटायचं. अशीच माणसं जास्त नुकसान करतात, हे आपलं माझं मत. पटलं तर घ्या.

त्याला शिकवलं ते थोरल्या बहिणीने आणि तिच्या नवऱ्याने. भावोजी त्याच कारखान्यात ओतकामाचे साचे करायचे, हाडाचे कारागीर. मेहुण्याच्या फीसाठी त्यांनी ओव्हरटाइम केला आणि पुढे त्याच्या नोकरीसाठी साहेबांकडे शब्दही टाकला.

मग मंदीची चाहूल लागली. काटेकोरने पंधरा दिवस खपून एक टिपण लिहिलं. काम असो नसो, पगार आणि भाडी द्यावीच लागतात. विक्री पडली की तोच खर्च गळ्याशी येतो. तेव्हा शक्य तेवढा खर्च कामाबरोबर कमी-जास्त होणारा करावा. दोन यंत्रं विकून काम बाहेर द्यावं, आणि अकरा साचेवाल्यांना कायम न ठेवता गरजेप्रमाणे फोन करून बोलवावं. अकरांत भावोजीही होते. त्यांना वगळलं तर लोक काय म्हणतील, या भीतीने त्याने त्यांचंच नाव पहिलं लिहिलं.

"भावोजी, सहा महिन्यांचा प्रश्न आहे," तो त्यांना म्हणाला. "कायमची नोकरी सोडताना हिशेबाचे जे पैसे हातात येतील त्यांचे आपल्याच कंपनीचे शेअर घ्या. खर्च हलका झाला की शेअर कसा पळतो बघा."

"तू म्हणतोस म्हणजे विचार करूनच म्हणत असशील," भावोजी म्हणाले आणि सगळी रक्कम त्यात घातली.

मंदी आली. नदीपलीकडे पंपांचाच दुसरा कारखाना होता, त्याने एकाही माणसाला हात लावला नाही. त्यांचा शेअर निम्म्यावर आला. इथला जेमतेम दहा टक्के उतरला. साहेबांनी काटेकोरची पाठ थोपटली, बढती दिली. ताईकडे जाणं मात्र कमी होत गेलं. कामच इतकं असतं, असं तो स्वतःला सांगायचा.

तीन वर्षांनी मागणी परतली, ती धो धो. पलीकडे माणसं तयार होती, खर्च होता तेवढाच होता, त्यामुळे विक्रीचा वाढीव पैसा बहुतेक नफ्यातच गेला. त्यांचा शेअर चौपट झाला. इकडे विक्रीबरोबर खर्चही वाढत गेला आणि शेअर मुंगीच्या पावलांनी चालला. पडताना जो खर्च आपल्याला सावरतो तोच चढताना हात धरून ठेवतो, हे काटेकोरच्या टिपणात कुठेच नव्हतं.

त्यात चांगले साचेवाले मिळेनात. "तुझ्या भावोजींनाच घेऊन ये," साहेब म्हणाले. "कायम करून टाकू." काटेकोरला हायसं वाटलं. झालं ते निस्तरता येईल, या आशेने तो त्याच दुपारी ताईकडे गेला.

भावोजी घरी नव्हते. "पलीकडच्या कारखान्यात लागलेत, महिना झाला," ताई म्हणाली. "पगार बेताचाच आहे. पण रोज जायचं असतं, म्हणून खूश आहेत."

"मग इकडेच येऊ देत ना! जास्त पगार देतील."

"नको रे बाबा." ताई खुर्चीवर टेकली. "तुमचा फोन यायचा सातला, आला तर. हे सहालाच अंघोळ करून, कामाचे कपडे चढवून फोनपाशी बसायचे. मी डबा भरून ठेवायची. आठ वाजले तरी उठायचे नाहीत. लाइन लागली नसेल, म्हणायचे. मग दुपारी तोच डबा उघडून इथेच जेवायचे. ताटात वाढते म्हटलं तर नको म्हणायचे. तीन वर्षं रे, रविवार सोडून."

काटेकोरच्या कागदावर त्या दिवसांचा खर्च शून्य होता. त्याच शून्यांवर त्याला बढती मिळाली होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"ताई, मला एकदा तरी सांगायचंस."

"सांगणार होते. हेच म्हणाले, त्याला कळवू नकोस, त्याच्या नोकरीत उगाच अडचण यायची."

मग ती जेवायलाच बस म्हणाली. त्याला नाही म्हणवेना, आणि घासही गिळवेना.